आडव्या माणसाची खोली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात पार्किंगमधल्या मांडवात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, किरकोळ काटछाट करून इथे देत आहोत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला विषय दिला 'आरोग्य आणि वास्तू'. ग्रुपवर तो जाहीर झाल्याबरोबर मला तीन फोन आले. दोघांना वाटलं मी वास्तुशास्त्रावर बोलणार, म्हणून त्यांनी आधीच विचारून घेतलं की आपल्या सगळ्यांचंच स्वयंपाकघर चुकीच्या दिशेला आहे, आता काय करायचं? तिसऱ्या फोनवाल्यांचा प्रश्न गुडघ्यांबद्दल होता. तर पहिल्या दोघांची निराशा होणार आहे. गुडघ्यांबद्दल मात्र मी बोलणार आहे.

मी आर्किटेक्ट आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण गळतीच्या प्रत्येक तक्रारीला तुम्ही मला बोलावता. पण गेली तीस वर्षं माझं मुख्य काम छोटी रुग्णालयं, नर्सिंग होम आणि दोन वृद्धाश्रम यांचं आहे. या कामातलं जे मला खरोखर समजलं, ते कॉलेजात समजलं नाही आणि साइटवरही नाही. ते आमच्या अण्णांमुळे समजलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, तुम्ही सगळे त्यांना ओळखत होता. म्हणून सुरुवात तिथूनच करते. ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे कुणाला सांगितलेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी अण्णा घरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते दुसऱ्या मजल्यावरून खाली कसे आले ते तुमच्यातल्या चौघांना आठवत असेल, कारण त्यांना तुम्हीच आणलंत. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचर आणलं, पण ते आपल्या जिन्याच्या चौकात वळेना. शेवटी आमची प्लास्टिकची खुर्ची घेतली, अण्णांना चादरीने तिला बांधलं आणि चौघांनी चार पाय धरले. मोडलेला पाय घेऊन ३९ पायऱ्या. प्रत्येक वळणावर अण्णा म्हणत होते, "सांभाळून रे बाळांनो, तुमची कंबर जाईल."

त्यांना ज्या रुग्णालयात नेलं, ते मी डिझाइन केलेलं होतं. नाव सांगत नाही, आणि दोष त्या डॉक्टरांचाही नाही. जागा अडचणीची, तिन्ही बाजूंना इमारती. मालक म्हणाले, रस्त्याच्या बाजूला कन्सल्टिंग आणि रिसेप्शन दिसायला हवं. मी म्हटलं, ठीक. ऑपरेशन थिएटरला एक बाजू गेली. उरलेल्या जागेत रुग्णांच्या खोल्या बसवल्या. त्यांच्या खिडक्या डक्टमध्ये उघडत होत्या. नियमात बसत होतं. नकाशा मंजूर झाला. उद्घाटनाला मला शाल आणि नारळ मिळाला.

त्या खोलीत मी अण्णांच्या उशाशी नऊ रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, सकाळ झाली का?" मी म्हटलं, अण्णा, दुपारचे तीन वाजलेत. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत समोरच्या इमारतीचे पाइप आणि राखाडी भिंत, दिवसरात्र तेच. त्या रात्री ते भ्रमात गेले. सांगलीच्या घरी आहोत असं समजून गाईला पाणी दाखवायला उठू लागले. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर असा भ्रम होतो हे डॉक्टरांना माहीत असतं. दिवस आणि रात्र कळत नसेल तर तो जास्त होतो, हेही माहीत असतं. माहीत नव्हतं ते मला, जिने ती खिडकी काढली होती.

मग दिवा. मी पलंगाच्या बरोबर वर ट्यूबलाइट दिला होता, डॉक्टरांना तपासायला उजेड हवा म्हणून. नऊ दिवस ती ट्यूब अण्णांच्या डोळ्यांत होती. ते तोंडावर पंचा टाकून झोपायचे. एकदा सिस्टर आत आल्या आणि दचकल्याच.

आणि आठव्या दिवशी, वॉकर घेऊन ते पहिल्यांदाच संडासात गेले. मी बाहेर उभी होते. आत धप्प आवाज आला. चक्कर येऊन ते खाली बसले, पाठ दाराला टेकून. दार आत उघडणारं होतं. ढकलावं तर दार त्यांच्याच पाठीत घुसणार. वॉर्डबॉय, सिस्टर, मी, तिघंजणं बाहेर. आतून अण्णांचा आवाज येत होता, बारीक. शेवटी वॉर्डबॉयने स्क्रूड्रायव्हर आणून बिजागऱ्या काढायचा प्रयत्न केला, पण बंद दाराच्या बिजागऱ्या बाहेरून लागत नाहीत. मग वरची झडप फोडून एक बारकेला मुलगा आत उतरला. वीस मिनिटं गेली असतील. रुग्णाच्या संडासाचं दार बाहेर उघडलं पाहिजे, हा नियम मी पुस्तकात वाचला होता. पण पॅसेज अरुंद होता, दार बाहेर उघडलं तर ट्रॉलीला अडायचं, म्हणून मी ते आत उघडणारं केलं. पेन्सिलचा एक कंस. इकडचा तिकडे काढला, एवढंच.

अण्णा त्यातून वाचले. पुढे दोन वर्षं होते. त्यांना मी सांगितलं की ते दार मी काढलं होतं. ते म्हणाले, "आता बदल ना मग." बदललं. मालकांशी भांडून सगळ्या खोल्यांची दारं सरकती केली. खिडक्यांचं मात्र काही करता आलं नाही, त्या अजून डक्टमध्येच उघडतात.

त्यानंतर मी नव्याने वाचायला बसले. जे आधी परीक्षेसाठी वाचलं होतं ते आता वेगळं दिसायला लागलं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आपण 'हातात दिवा घेतलेली बाई' म्हणून शाळेत शिकतो. पण ती बाई मुळात आकड्यांची आणि इमारतींची अभ्यासक होती. १८५४ साली त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा तापाने आणि हगवणीने जास्त मरत होते. पुढच्या वर्षी तिथली गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. १८५९ साली त्यांनी रुग्णालयांवर पुस्तक लिहिलं. त्यातला पहिलाच मुद्दा असा, की रुग्णालयाने निदान रुग्णाचं नुकसान तरी करू नये. खिडक्या समोरासमोर हव्यात, रुग्णाला उजेड हवा, पलंगावरून बाहेरचं दिसायला हवं, आणि त्याच्या दाराबाहेर उभं राहून कुजबुजू नये, हेसुद्धा त्या लिहून गेल्यात. कुजबुजीचा मुद्दा तर आपल्याकडच्या प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावायला हवा. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, आणि आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

आता त्या खिडकीबद्दल. रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ या काळातले कागद तपासले. सगळे रुग्ण पित्ताशयाच्या ऑपरेशनचे. काही खोल्यांतून झाडं दिसत होती, काहींतून विटांची भिंत. वय, सवयी वगैरे जुळवून त्याने २३ जोड्या लावल्या, म्हणजे ४६ माणसं. झाडं दिसणाऱ्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली, नर्सच्या नोंदींत त्यांच्या कुरकुरी कमी होत्या, आणि ते सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले. हे १९८४ साली 'सायन्स' या मासिकात छापून आलं. आता ४६ माणसं म्हणजे फार नव्हेत, त्यावर इमला रचू नये हे मलाही कळतं. पण मी मालकांसमोर बसते तेव्हा हाच अभ्यास काढते, कारण 'रुग्णाला बरं वाटतं' याला मालक हसतात आणि 'पाऊण दिवस' म्हटलं की वही उघडतात.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती फिनलंडमधली एक इमारत. पाइमिओ नावाचं गाव, तिथलं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. आर्किटेक्ट आल्वार आल्टो. १९३३ साली ते सुरू झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून दहा वर्षं होती. औषध नाही, तर मग इमारतच औषध, अशा हिशोबाने त्याने ती बांधली. ऊन, मोकळी हवा, पाइनची झाडं, पडून राहायला लांबच लांब गच्च्या. आपल्याकडेही पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी जागा निवडल्या गेल्या त्या याच हिशोबाने. माझ्या आजोबांच्या पिढीत 'हवा बदलायला' जाणं हा खरा उपचार होता.

पण आल्टोचं वेगळेपण पुढे आहे. त्याने म्हटलं, आपण सगळ्या खोल्या उभ्या माणसासाठी बांधतो. रुग्ण आडवा असतो. आडव्या माणसाची खोली वेगळी असते. त्याची भिंत म्हणजे छत. म्हणून त्याने छताला शांत, गडदसर रंग दिला, भिंती फिक्या ठेवल्या. दिवा पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत येणार नाही अशा जागी बसवला. उष्णता पायांकडे जाईल अशी योजना केली. एका खोलीत दोन रुग्ण असायचे, म्हणून हात धुवायचं बेसिन अशा कोनात बनवलं की एकाने पाणी सोडलं तर दुसऱ्याची झोप मोडू नये. दारांच्या कड्यांना डॉक्टरांच्या डगल्याची बाही अडकू नये, इतपर्यंत विचार. हे वाचलं तेव्हा मला अण्णांचा तोंडावरचा पंचा आठवला. आल्टोने १९३३ साली सोडवलेलं कोडं मी पाऊणशे वर्षांनी पुन्हा घालून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी एक करते. नवं काम पूर्ण होत आलं की प्रत्येक खोलीत पलंगावर अर्धा तास पडते. साइटवरचे मिस्त्री पहिल्यांदा घाबरले, मॅडमना बरं नाही असं वाटून त्यांनी पाणी आणलं. आता त्यांना सवय झालीय. पडल्यावर कळतं पंख्याचा आवाज किती, स्वच्छतागृहाचा वास येतो का, दार उघडलं की पॅसेजमधला प्रत्येकजण आपल्याला पाहतो का. नकाशावर यातलं काही दिसत नाही.

परदेशी पुस्तकांत एका माणसासाठी मात्र जागाच नाही, आणि तो आपल्या प्रत्येक रुग्णालयात असतो. 'पेशंटबरोबरचा माणूस'. आपल्याकडे रुग्ण एकटा दाखल होत नाही, अख्खं घर दाखल होतं. डबा येतो, थर्मास येतो, गावाकडून काका येतात. त्या माणसाने झोपायचं कुठे? पलंगाखाली चटईवर. ओला टॉवेल वाळत कुठे घालायचा? सलाइनच्या स्टँडवर. रडायचं कुठे? जिन्यात. मी आता प्रत्येक मजल्यावर एक छोटी खोली भांडून घेते. मोरी, दोऱ्या, डबा गरम करायची सोय आणि दार लावून घेता येईल असा एक कोपरा. जुन्या सरकारी रुग्णालयांना आपण नावं ठेवतो, पण त्यांच्या आवारात वडाचे आणि पिंपळाचे पार असायचे. नातेवाईक तिथे बसत, जेवत, एकमेकांना धीर देत. नव्या चकचकीत रुग्णालयांत त्या जागी पार्किंग आहे.

ब्रिटनमध्ये हे एका बाईला स्वतःच्या आजारात जाणवलं. मॅगी केझविक जेन्क्स. कर्करोग उलटल्याचं त्यांना सांगितलं गेलं आणि ते ऐकून बसायला जागा होती ती बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये. त्यांनी ठरवलं, रुग्णालयाच्या आवारात पण रुग्णालयासारखं न दिसणारं एक घर हवं. १९९५ साली त्या गेल्या. पहिलं 'मॅगीज सेंटर' एडिनबरोला १९९६ साली उघडलं, पुढे अनेक झाली. तिथे आत शिरलं की काउंटर नाही, रजिस्टर नाही. मध्यभागी स्वयंपाकघर आणि एक मोठं टेबल. चहा करून घ्यायचा आणि बसायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं. आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही, आपली सगळी महत्त्वाची बोलणी ओट्याशीच होतात.

आता वृद्धांच्या निवासाकडे येते, कारण समोर बघतेय तर पहिल्या चार ओळींत मला सगळे पांढरेच केस दिसतायत. माझे धरून. मी रंगवते, एवढाच फरक.

मी पहिल्या वृद्धाश्रमाचं काम घेतलं तेव्हा आधी तिथल्या जुन्या इमारतीत जाऊन राहणाऱ्यांशी बोलले. मला वाटलं बाग मागतील, टीव्हीची मोठी खोली मागतील. एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाल्या, "मला कपाटाला कुलूप दे. किल्ली माझ्याकडे." बस. हॉलमध्ये बारा खाटा, बारा उघडी कप्पाटं. आयुष्यभर ज्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, तिची एक किल्लीसुद्धा उरली नव्हती. त्या इमारतीत आम्ही प्रत्येकाला कुलपाचं कपाट, स्वतःचा कोनाडा आणि त्यात हवं ते ठेवायची मुभा दिली. कुणी देव मांडले, कुणी नवऱ्याचा फोटो, एका आजोबांनी फक्त रेडिओ.

अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी १९७६ साली याच प्रकारचा एक प्रयोग छापला. कनेक्टिकटमधला एक वृद्धनिवास. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, तुमच्या खोलीचं तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तुम्ही ठरवा, हे रोप तुम्ही निवडा आणि पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त आनंदी दिसली. हे मी वाचलं तेव्हा मला आपल्या ए विंगचे पहिल्या मजल्यावरचे काका आठवले. गेटजवळच्या कुंड्यांना पाणी कुणाला घालू देत नाहीत. माळी ठेवायचा ठराव त्यांनी तीनदा पाडला. मीही तेव्हा वैतागले होते. काका, माझं मत मी मागे घेते.

हॉलंडमध्ये वेस्प गावात होखेवेक म्हणून एक वसाहत आहे, २००९ च्या सुमारास पूर्ण झालेली. स्मृतिभ्रंश झालेली दीडशेहून जास्त माणसं तिथे राहतात. सहा-सात जणांचं एकेक घर, बाहेर रस्ता, चौक, दुकान, कॅफे. माणसं मोकळी फिरतात. वसाहतीला बाहेर जायला वाट एकच, तिथे माणूस असतो. कर्मचारी साध्या कपड्यांत. काहीजण म्हणतात, हे नाटक आहे, म्हाताऱ्यांना फसवणं आहे. मला तसं वाटत नाही. कुलूप लावलेल्या वॉर्डात खाटेला बांधून ठेवणं जास्त खरं आहे का? पण आपल्याकडे ती वसाहत जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही, पैसा आणि जागा दोन्ही नाही. आपल्याला आपली ओसरी आठवली तरी पुरे. ओसरीवर बसलेला म्हातारा माणूस कामाचा असायचा. कोण आलं, कोण गेलं, पोस्टमन आला का, वासरू सुटलं का, सगळी खबर त्याच्याकडे. त्याला बसायला जागा होती आणि तिथून दिसत होतं. फ्लॅटच्या आतल्या खोलीत टीव्हीसमोर तो बसला की त्याची खबर आपल्याला विचारावी लागते.

बरं, आता आपलं घर. हे बोलायला मी मुद्दाम वेळ राखून ठेवलाय.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण ३२ कुटुंबं इथे आलो. बहुतेकजण तिशी-चाळिशीतले, कडेवर मुलं. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, म्हणून मेंटेनन्स कमी, याचा आपल्याला आनंद झाला होता. तेव्हा मीही आर्किटेक्टच होते, आणि मीही खूश झाले होते. आज आपल्यापैकी निम्म्याहून जास्त घरांत साठीच्या पुढचं कुणी ना कुणी आहे, आणि मुलं बंगळूरला नाहीतर बाहेरदेशी. कुणी मान्य करो न करो, आपली सोसायटी आता एक वृद्धनिवासच आहे. फक्त तसा बांधलेला नाही.

काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे जिन्यातला जो दिवा आपल्या नातवाला पुरतो तो आपल्याला पुरत नाही. वीज वाचवायला आपण जिन्यात पाच वॅटचे बल्ब लावलेत, ते काढा. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा, कारण राखाडी कोट्यावर राखाडी पायरी संपते कुठे ते कळत नाही. कठडा एकाच बाजूला आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाचा नेमका तोच हात निकामी असला तर? दुसऱ्या बाजूला भिंतीवर मुठीत मावेल असा गोल पाइप लावा, सुमारे ४० मिलीमीटरचा, आणि तो शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर तरी जाऊ द्या. लोक पडतात ते शेवटच्या पायरीवर, संपली असं समजून.

घरात बाथरूमच्या दाराचा तो चार इंचांचा उंबरा बघा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपण सगळ्यांनी हौसेने केलेला. फरशी बदलाल तेव्हा उतार नीट देऊन तो काढा. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स नकोत, कोरड्या असल्या तरी म्हाताऱ्या डोळ्याला ओल्या वाटतात आणि माणूस चाचरत चालतो. कमोडशेजारी धरायला दांडी लावा, पण ती विटेत खोल बसवा, टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही. ती हातात येते. आणि आतून लावलेली कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. हे सांगताना माझा आवाज का बदलतो ते तुम्हाला आता माहीत आहे.

प्रवेशाच्या तीन पायऱ्या आहेत, दीड फूट चढ. चाकाच्या खुर्चीला उतार एकास बारा लागतो, म्हणजे आपल्याला १८ फूट लांबीचा रॅम्प हवा. गेल्या वर्षी कंत्राटदाराने सहा फुटांत बसवून देतो म्हणून सांगितलं आणि आपण जवळजवळ हो म्हटलं होतं. त्या उतारावरून खुर्ची वर जाणार नाही, खाली मात्र नक्की येईल, माणसासकट. १८ फूट जागा आहे. सायकल स्टँड पलीकडे हलवला की आहे. मी मोजलीय.

राहता राहिली लिफ्ट. मला माहीत आहे की हा विषय निघाला की आपल्यात दोन तट पडतात. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही पैसे का द्यायचे. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण त्यावर सर्वसाधारण सभेत बोलूया. मला आज फक्त कमिटीकडे आलेल्या कोटेशनबद्दल सांगायचंय. तीनपैकी जे सगळ्यात स्वस्त आहे, त्यात लिफ्ट जिन्याच्या मागच्या भिंतीला चिकटवलीय. म्हणजे ती मजल्यावर थांबणार नाही, दोन मजल्यांच्या मधल्या चौकात थांबेल. तिथून घरापर्यंत नऊ पायऱ्या उरतातच. ज्याला चालता येतं त्याचे कष्ट वाचतील, पण ज्याला चालता येत नाही तो होता तिथेच राहील. आपण इतके लाख घालून ज्याच्यासाठी लिफ्ट करतोय, त्यालाच ती उपयोगाची नसेल. पॅसेजच्या टोकाला, जिथे आत्ता जाळीची खिडकी आहे, तिथे लिफ्ट लावली तर ती मजल्यावर थांबते. खर्च वाढतो, पाया नवा घ्यावा लागतो, दोन घरांच्या स्वयंपाकघरांचा उजेड थोडा कमी होतो, त्यांतलं एक घर माझं आहे. माझी हरकत नाही, हे लेखी द्यायला मी तयार आहे.

रविवारी सकाळी नऊला मी टेप घेऊन ए विंगच्या पॅसेजमध्ये उभी असेन. दुसरं टोक धरायला कुणीतरी या. तळमजल्यावरचे आले तर जास्त बरं.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत, म्हणून थांबते. एकच राहिलं. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या काकू, सोसायटीच्या पहिल्या खजिनदार, हिशोबात चार आणे चुकले तर रात्री दार वाजवायच्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर गेले चौदा महिने त्या खाली उतरलेल्या नाहीत. आजचा हा कार्यक्रम पार्किंगमध्ये ठेवा आणि एक कर्णा वरच्या दिशेने लावा, असं मी मागे लागून करून घेतलं ते त्यांच्यासाठी.

काकू, आवाज येतोय ना नीट?

हात केला त्यांनी. आणि काहीतरी म्हणतायत. काय? ...चहा वर पाठवा म्हणतायत. बिनसाखरेचा. पाठवतो, काकू.